डेटपिकरचं सोंग

बटणावरचा एक शब्द बदलला. बस्स, एवढंच. आणि टेस्ट लाल! का, तर त्याच फॉर्ममधल्या कुण्या परक्या लायब्ररीच्या डेटपिकरला (तारीख निवडायच्या घटकाला) रिसाइझ-ऑब्झर्व्हर, म्हणजे आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय, लागते आणि जेएसडॉमकडे, म्हणजे टेस्टमधल्या नकली ब्राउझरकडे, ती नाहीच. जेएसडॉम लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, करतच नाही हो. उंची विचारा, शून्य. रुंदी विचारा, शून्य. मग व्हर्च्युअल यादी (मावतील तेवढ्याच ओळी काढणारी) बिचारी एकही ओळ दाखवत नाही, आणि मी अर्धा तास स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसते.

बरं, मॉक करावं, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली भाग बसवावा, तर जेस्टचे (टेस्ट चालवतो तो) नखरे. मॉकची ओळ तो गुपचूप फाइलच्या डोक्यावर नेऊन ठेवणार, म्हणून आतल्या व्हेरिएबलचं नावही 'मॉक'नेच सुरू झालं पाहिजे. मॉकमध्ये डिफॉल्ट एक्स्पोर्ट (फाइल बाहेर देते ती मुख्य गोष्ट) विसरलात? भोगा.

शेवटी वैतागून डेटपिकरच्या जागी साधा इनपुट ठेवला. टेस्ट हिरवी. पण तपासलं काय? मीच रंगवलेलं सोंग! निवड बदलली की खरा डेटपिकर ऑनचेंज फंक्शनला थेट तारीख देतो, माझा मॉक ब्राउझरचा इव्हेंट देत होता. पुढे लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत प्रॉपचं (घटकाला बाहेरून देतो त्या माहितीचं) नाव बदललं, स्क्रीन कोसळली, टेस्ट मात्र ढिम्म हिरव्याच.

डेटपिकरभोवती स्वतःचा छोटा रॅपर (वेष्टन) करून तेवढाच मॉक करावा, हे मलाही कळतं. पण तो डेटपिकर चाळीस फाइलींत थेट इम्पोर्ट केलाय. (त्यातल्या निम्म्या माझ्याच.)

आणि कोड-रिव्ह्यूमध्ये प्रश्न काय, तर "टेस्टचं कव्हरेज का घसरलं?"