नायट्रेट ३० वरच का अडकलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: ४० लिटरच्या रीफ टाकीला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला) स्किमर, म्हणजे फेस करून घाण काढणारं यंत्र, लागत नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं, हा माझा सल्ला तुम्ही तीन महिने पाळलात. तरी नायट्रेट (खाणं आणि विष्ठा कुजून शेवटी पाण्यात साठतं ते) ३० पीपीएमवरून (दशलक्ष भागांत ३० भाग) हलेना. म्हणजे सल्ला चुकीचा, आणि स्किमर घ्यायलाच हवा. यातलं पहिलं मला मान्य आहे, दुसरं नाही.

१० टक्क्यांचा आकडा मी सरसकट द्यायला नको होता. टाकीत आठवड्याला ३ पीपीएम नायट्रेटची भर पडत असेल, तर ३० वर असताना १० टक्के पाणी काढून बरोबर ३ च बाहेर जातात. आलं तेवढं गेलं. वर्षभर असंच बदलत राहिलात तरी आकडा तिथेच बसणार. तेवढीच भर पडत असताना २० टक्के बदललं, तर तो १५ वर येऊन थांबेल. भर २ वर आणली तर १० वर. मऊ प्रवाळांना आणि झोअँथिड्सना (प्रवाळांच्याच नात्यातले फुलांसारखे दिसणारे जीव) १० चालतं.

आता स्किमर. तो पाण्यात विरघळलेले प्रथिनांसारखे सेंद्रिय पदार्थ कुजायच्या आत फेसाबरोबर काढतो आणि हवाही खेळवतो. झाकण घट्ट असलेल्या टाकीत हा दुसरा फायदा मोठा, हे कबूल. पण एकदा तयार झालेलं नायट्रेट त्याला काढता येत नाही. शिवाय एवढ्या छोट्या टाकीवर टांगायचे स्किमर फार लहरी: पाण्याची पातळी बोटभर खाली गेली की फेस बसतो, टाकीत हात घातला की काही तास गप्प.

खरी गोम तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे: 'कॅनिस्टर फिल्टरचा (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरचा) स्पंज महिन्यातून एकदा धुतो.' त्या स्पंजात अडकलेलं खाणं आणि विष्ठा महिनाभर टाकीच्याच पाण्यात कुजत असते. डोळ्यांआड गेली, पाण्याबाहेर नाही. स्पंज काढून टाका. त्या जागी फिल्टर फ्लॉसचा (कापसासारख्या गाळणीचा) तुकडा ठेवा आणि तो दर तीन दिवसांनी फेकून द्या; धुऊन परत वापरू नका. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्ज मात्र एकदम काढायच्या नाहीत, कारण अमोनिया संपवणारे जिवाणू त्यांवर राहतात. दर दोन आठवड्यांनी एक तृतीयांश काढा आणि पुढचे दोन-तीन दिवस अमोनिया तपासा. टाकीत चार किलो सच्छिद्र खडक असेल आणि त्याच्या मागूनही पाणी वाहत असेल, तर खडकावरचे जिवाणू रिंग्जवरच्या जिवाणूंचं काम उचलतात. प्रवाहासाठी ताशी ८०० लिटरचा पॉवरहेड (टाकीत बुडवून ठेवायचा छोटा पंप) पुरे. आणि वीज काही तास गेली, तर कॅनिस्टर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्या. बंद डब्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, जिवाणू मरायला लागलेले असतात. ते पाणी टाकीत सोडणं म्हणजे विषच.

२० टक्के म्हणजे ८ लिटर. आरओ-डीआय फिल्टरच्या शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यात सुमारे ३०० ग्रॅम रीफ टाकीचं मीठ घालून रात्रभर पंपाने ढवळा, क्षारता (खारटपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५, आणि तापमान टाकीइतकं आहे ना ते पाहा. अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात) मोजा, हे बहुतेक जण विसरतात. मीठ घातलेल्या नव्या पाण्याची ११ डीकेएच आणि टाकीची ७.५ असेल, तर एका बदलात टाकी ०.७ ने वर उडी मारते. प्रवाळांना दर आठवड्याला असा हिसका नको, त्यापेक्षा ८-९ च्या आसपासचं मीठ निवडा. रोज वाफ होऊन घटणारं पाणी मात्र गोड्या पाण्यानेच भरायचं.

फॉस्फेट (शेवाळाचं दुसरं खाद्य) किटवर शून्य, तरी काचेवर हिरवा थर, याचं तुम्हाला नवल वाटलं. शेवाळ ते मोजायच्या आधीच खातं, आणि थेंबांच्या किटला बारीक फरक दिसतही नाहीत. फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत) दाखवणारं मीटर असेल तर आकड्याला ३.०७ ने गुणा आणि १००० ने भागा: २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम फॉस्फेट. हे ठीक आहे. एवढ्यावर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) टाकू नका. फॉस्फेट झपाट्याने तळाला गेलं की प्रवाळ फिके पडतात, आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर येऊ शकतो. शेवाळापेक्षा तो काढणं कितीतरी अवघड. गोठवलेलं खाणं वितळवून बारीक गाळणीत धुऊन द्या, तेवढं पुरे.

मोजणी नेहमी पाणी बदलण्यापूर्वी करा, आणि नायट्रेट किटची पावडर सांगितली तेवढा वेळ खरोखर हलवा, नाहीतर आकडा कमी दिसतो. भर २ वर आली असेल, तर चौथ्या आठवड्याअखेर १८ च्या आसपास दिसायला हवं. २५ च्या वर असेल तर खडकामागच्या कोपऱ्यात साचलेला गाळ आधी नळीने ओढून काढा, मग मला आकडे कळवा.