खांब हलला का?

माझ्या पीएचडीचा नायक 4 मायक्रोमीटर उंच आहे. लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाच्या चिपवर उभा केलेला धातूचा खांब. त्याने डोलावं, एवढीच माझी अपेक्षा. आई रोज फोनवर विचारते, "हलला का रे?" शेजारच्या काकूंना वाटतं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय.

चिपच्या एका टोकाला धातूची बोटं एकमेकांत गुंतवलेली आहेत. त्यांना वीज दिली की स्फटिक थरथरतो आणि पृष्ठभागावरून लाट निघते. या लाटांचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्या मनात भूकंप होते. माझा भूकंप नॅनोमीटरमध्ये मोजायचा. 70 मेगाहर्ट्झला लाटेची लांबी भरते पन्नासेक मायक्रोमीटर; तिच्यापुढे खांब म्हणजे किस झाड की पत्ती.

पण खांब आमच्या आजोबांसारखा आहे. कानाशी ओरडा, ऐकू येत नाही. माजघरात कुणी 'बासुंदी' पुटपुटलं की ताडकन उठून बसतात. नेमकी आपली फ्रिक्वेन्सी आली की हा पठ्ठ्या लाटेतली ऊर्जा ओढून घेतो, जोरात डोलतो आणि भोवताली स्वतःच्या लाटा सोडू लागतो. शेजारी दुसरा खांब असेल तर त्यालाही स्वस्थ बसू देत नाही. (सरांना आता दोन खांब हवे आहेत. एकाचे हाल त्यांना पुरेसे वाटत नसावेत.)

हे सगळं बघायचं लेसरने. ठिपका खांबाच्या माथ्यावर बसवायचा आणि श्वास रोखायचा. रस्त्यावरून ट्रक गेला तर खांबाला त्याचं सोयरसुतक नसतं, ट्रकची थरथर त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासही नसते. ठिपका मात्र घसरतो. एसी लावला तर कॉम्प्रेसर हादरे देतो. बंद केला तर खोली तापते, आणि 10 सेंटीमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी एका अंशाला 2 मायक्रोमीटरहून जास्त वाढते. म्हणजे अर्धा खांब गेला! त्यामुळे आम्ही रात्री काम करतो. रात्री वॉचमन लिफ्टने फेऱ्या मारतो.

काल मध्यरात्री मात्र सगळं जुळलं. स्क्रीनवर आलेख चढू लागला, चढतच गेला, आणि हवेवर तरंगणाऱ्या त्या महागड्या टेबलावर कुणाचा तरी फोन घुर्रर्र करू लागला. फोनच्या पोटातही हव्या त्या फ्रिक्वेन्सी चाळून घ्यायला याच लाटांचे फिल्टर असतात. ते चोख चालले होते.

सरांचा फोन होता. "काय रे, हलला का?"


"हो सर. टेबलासकट."