उभयचर एटीव्ही समुद्रातून चढाई करू शकत नाही

सहा-आठ चाकांची हलकी लष्करी एटीव्ही (कुठल्याही भूभागावर चालणारी गाडी) पाण्यात उतरतानाचा व्हिडिओ फिरतो आहे. ‘चिलखती गाडी, कोणतीही नदी किंवा समुद्र पार करून सैनिकांना किनाऱ्यावर उतरवते’ असा त्यासोबतचा दावा चुकीचा आहे.

या गाड्या तरंगतात ते बंदिस्त, हलक्या तळामुळे. त्यातल्या बहुतेकांना पाण्यात पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) नसतो. टायरच्या खाचाच पाणी मागे ढकलतात. त्यामुळे पाण्यातला वेग ताशी 5 किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.4 मीटर. पुराच्या नदीचा प्रवाह याहून सहज जास्त असतो, मग गाडी वाहूनच जाणार. लाटांत तर उतरूच नये. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-29सी वीझल या उभयचर गाडीला पुढेमागे तरंगटाक्या आणि दोन सुकाणू होते, तरी तीसुद्धा शांत पाण्यापुरतीच होती.

चिलखतही नसते. जाड पोलाद चढवले की तरंगण्याची क्षमता संपते. पाण्यात भारमर्यादाही जमिनीपेक्षा कमी असते. हे न सांगणे सैनिकांच्या जिवाशी खेळणे आहे.

दलदल, बर्फ, उथळ तळी ओलांडून रसद पोहोचवणे आणि जखमींना बाहेर काढणे हे उभयचर एटीव्हीचे खरे काम. तिथे ती फार मोलाची आहे.