विद्यमान आमदार नेमका पडतो कुठे?

'अँटी-इन्कम्बन्सी होती', म्हणजे बसलेल्याविरुद्ध हवा होती, हे वाक्य निकालाच्या संध्याकाळी फार सोयीचं पडतं. पडलेल्याला स्वतःचं काही सांगावं लागत नाही आणि चॅनेलवाल्यांना आकडे उघडावे लागत नाहीत. माझं मत सरळ आहे. बसलेला आमदार हवेने क्वचितच पडतो. तो बूथवर पडतो, आणि बऱ्याचदा आचारसंहिता लागायच्या आधीच पडलेला असतो.

साधा हिशोब मांडू. मतदारसंघात ३ लाख ३० हजार मतदार आणि ३४० बूथ धरा. २०२४ च्या विधानसभेला राज्यात मतदान झालं ६६ टक्के, म्हणजे इथे पेटीत पडली २ लाख १८ हजार मतं. दुरंगी लढतीत १ लाख ९ हजारांच्या पुढे गेला त्याला गुलाल. आता प्रत्येक बूथवर फक्त १५ मतं आपल्याकडून समोरच्याकडे सरकली, तर ३४० बूथवर ती होतात ५,१००. पण ती आपली घटली आणि त्याची वाढली, म्हणून फरक पडतो दुप्पट, १०,२०० चा. संगमनेरात १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात २०२४ ला पडले ते १०,५६० मतांनी. बूथवरची १५ मतं म्हणजे तीन-चार घरं. तेवढी सरकायला लाट लागत नाही.

उलट बाजूने, मागच्या लीडवर विसंबून राहणारे तर हमखास फसतात. कोपरगावात आशुतोष काळे २०१९ ला ८२२ मतांनी आले आणि २०२४ ला सव्वा लाखाच्या आसपास लीड घेऊन. पाच वर्षांत काम दीडशे पट झालं असा त्याचा अर्थ नाही. २०२४ ला जागा महायुतीत काळेंकडे होती आणि २०१९ ला समोर लढलेला कोल्हे गट मैदानातच नव्हता. आपलं लीड आपल्या कामाचं किती आणि समोर कोण नव्हतं याचं किती, हे वेगळं काढता आलं नाही तर पुढची निवडणूक अंधारात लढावी लागते.

ते वेगळं काढायचं साधन फुकट मिळतं. निकालानंतर निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० भरतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं, आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. मागच्या विधानसभेचा आणि त्यानंतरच्या लोकसभेचा, दोन्ही शेजारी ठेवायचे. इथे बहुतेक वॉररूम एक ढोबळ चूक करतात, बूथ क्रमांकाला बूथ क्रमांक जोडतात. मधल्या काळात केंद्रांची फेररचना होते, मोठी केंद्रं फोडली जातात, आणि तेव्हाचा ११२ नंबर आता ११७ झालेला असतो. जुळवणी करायची ती मतदार यादीच्या भागात कोणत्या वस्त्या-गल्ल्या आहेत त्यावरून. मग बूथचे तीन ढीग पडतात: दोन्ही वेळा प्लस, दोन्ही वेळा मायनस, आणि एकदा इकडे एकदा तिकडे. आमदाराचा वेळ जायला हवा तिसऱ्या ढिगात. प्रत्यक्षात जातो पहिल्यात, कारण तिथे हार-तुरे मिळतात.

आता मतदार यादी. ५ वर्षांत लग्न होऊन गेलेल्या मुली, आलेल्या सुना, वारलेली माणसं, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं, नव्याने १८ झालेले. हे सगळं एका बूथवर सहज शंभराच्या पुढे जातं, आणि आपण वर १५ मतांचा हिशोब केला. नवं नाव नमुना ६, नाव वगळायचं तर नमुना ७, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८. नवमतदारासाठी वर्षात आता चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या तारखेला १८ पूर्ण लागतात त्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पक्षाचा बूथवरचा प्रतिनिधी (बीएलए) एका दिवसात आयोगाच्या बूथ अधिकाऱ्याकडे (बीएलओ) १० पर्यंतच अर्ज देऊ शकतो. म्हणजे एका बूथवर ६० नावं राहिली असतील तर किमान सहा दिवस हेलपाटे. उमेदवारी भरायच्या शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचंच त्या निवडणुकीपुरतं काही होऊ शकतं. तिकीट कुणाला याची चर्चा जोरात असते नेमक्या त्याच आठवड्यात, आणि यादीकडे कुणी ढुंकून बघत नाही. बीएलए म्हणून ज्याचं नाव कागदावर दिलंय तो गावात राहतो तरी का, इथून तपासायला सुरुवात करा.

'पण साहेबांनी निधी किती आणला!' आणला असेल. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पाच वर्षांत २५ कोटी. १२० गावं असतील तर गावाच्या वाट्याला सरासरी २१ लाखही येत नाहीत. म्हणून सगळी ओढाताण असते ती २५१५ च्या (ग्रामविकास खात्याच्या निधीतल्या) कामांसाठी, जिल्हा नियोजनच्या निधीसाठी आणि रस्त्यांच्या बजेटसाठी. पैसा आला तरी मत येईल असं नाही, त्याची कारणं गावात बसून बघावी लागतात. गावात दोन गट. सभामंडपाचं काम मिळालं सरपंचाच्या गटातल्या ठेकेदाराला. नारळ फुटला, फ्लेक्स लागला, फ्लेक्सवर दुसऱ्या गटाच्या सोसायटी चेअरमनचा फोटो नाही. त्या दिवशी ९ लाखांचं काम झालं आणि ४० मतं गेली. काम न करता ती ४० मतं कदाचित राहिली असती! हा विनोद नाही, नमुना २० मध्ये असे बूथ हमखास सापडतात: काम सर्वात जास्त आणि मतं मागच्यापेक्षा कमी.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या साखळीला कितीही पाठपुरावा केला तरी काही महिने जातात. आचारसंहितेत नवी मंजुरी नाही, आणि कार्यारंभ आदेश निघाला असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर ते सुरू करता येत नाही. २०२४ ला आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. त्याआधीचे चार महिने पावसाळ्याचे, डांबर पडत नाही. मग शेवटच्या पावसाळ्याआधी रस्ता उकरून खडी टाकून ठेवणारा आमदार मतदाराला काय दाखवतो? चिखल. शेवटच्या वर्षातली कामं मेअखेर संपतील एवढीच घ्यावीत. बाकीची घेऊच नयेत, कुणी कितीही गळ घातली तरी.

एक मुद्दा फारसा कुणी बोललं नाही. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिकांवर प्रशासक होते. गटारापासून दाखल्यापर्यंतची प्रत्येक तक्रार, जी एरवी सदस्य किंवा नगरसेवक अंगावर घेतो, ती थेट आमदाराच्या पीएच्या फोनवर. आणि तो फोन उचलला गेला नाही तर नाराजी थेट आमदारावर. शिवाय ज्यांची जिल्हा परिषदेची तिकिटं तीन वर्षं लटकली, ते कार्यकर्ते घरी बसले किंवा दुसऱ्याच्या गाडीत बसले.

अर्ज भरतानाची एक खास विद्यमानांची अडचण. मागच्या १० वर्षांत सरकारी निवासस्थान मिळालं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि दूरध्वनीची थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र प्रतिज्ञापत्रासोबत लागतं. एखादं जुनं बिल निघतं आणि शेवटच्या दिवशी मुंबईला माणसं पळवावी लागतात. शपथपत्रातला कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचंच. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचला नाही तर पक्षाचं चिन्ह गेलं. २०१९ ला अमुक चाललं होतं म्हणून या वेळी चालेल, असं गृहीत धरू नये.

नामसाधर्म्याचे उमेदवार थट्टेवारी नेऊ नका. २०२४ ला आंबेगावात दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. विरोधातल्या देवदत्त निकमांच्याच नावाचा अपक्ष मैदानात होता आणि त्याने घेतली २,९६५ मतं. यंत्रावर फोटो असतो, तरीही. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष असा क्रम असतो. म्हणून प्रचारात नावापेक्षा अनुक्रमांक आणि चिन्ह जास्त वेळा बोललं गेलं पाहिजे. माघारीची मुदत संपल्यावर क्रमांक कळतो, तोवर छापलेली पत्रकं बिनक्रमांकाची असतात आणि तीच शेवटपर्यंत वाटली जातात. छपाई दोन टप्प्यांत करा.

बंडखोरीवर काय लिहायचं? नाराज माणूस माघारीच्या दिवशी नाही, सहा महिने आधी भेटायचा असतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेपाचला यंत्र तपासायचं अभिरूप मतदान सुरू होतं, किमान ५० मतं. तिथे एजंट हजर हवा. संध्याकाळी ६ ला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या मिळतात, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे. आणि केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-सी ची, म्हणजे त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली त्या नोंदीची, प्रत घेतल्याशिवाय एजंटाने जागा सोडायची नाही. २०२४ ला संध्याकाळी ५ ची ५८.२२ टक्के आणि शेवटची ६६ टक्के यावरून केवढा गदारोळ झाला. ज्यांच्याकडे ३४० पैकी ३४० बूथचे १७-सी होते त्यांना स्वतःच्या मतदारसंघापुरतं उत्तर त्याच रात्री बेरीज करून मिळत होतं. बहुतेकांकडे अर्धेही नव्हते, कारण एजंट साडेपाचलाच जेवायच्या ठिकाणी.

मोजणीला १४ टेबलं, ३४० बूथ म्हणजे २५ फेऱ्या. कोणत्या फेरीत कोणता भाग येतो याचा तक्ता आधी करून ठेवला तर पाचव्या फेरीच्या पिछाडीने घाम फुटत नाही. टपाली मतं शेवटी कामाला येतात. फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात. २०२४ ला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी. अशा ठिकाणी टपाली टेबलावर सगळ्यात जाणता माणूस बसवायचा असतो, भाच्याला नाही.

आणि खर्च. मर्यादा ४० लाख, निकालापासून ३० दिवसांत हिशोब सादर. तो दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं, पडलेल्यालाही.