ऐझॉलचे विजेतेपद हा अपघात नव्हता

२०१६-१७ च्या आय-लीग फुटबॉल हंगामाविषयी एक मत इतक्या वेळा पुढे पाठवले गेले आहे की, आता ते सर्वमान्य सत्य असल्यासारखे मांडले जाते. ते थोडक्यात असे: मिझोरामच्या ऐझॉल एफसीने त्या वर्षी देशाची सर्वोच्च लीग जिंकली खरी, पण इंडियन सुपर लीग या दुसऱ्या, श्रीमंत स्पर्धेने चांगले खेळाडू नेल्यामुळे लीग पोकळ झाली होती, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे ऐझॉलला मागच्या दाराने प्रवेश मिळाला होता, डोंगरातल्या कृत्रिम हिरवळीचा त्यांना फायदा झाला, शेवटी एका गुणाने नशीब फळले, आणि पुढे हा संघ पुन्हा कधी चमकला नाही. यातला प्रत्येक मुद्दा तपासता येण्याजोगा आहे. तपासल्यावर त्यातले फार थोडे शिल्लक राहते.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि सर्वांत चुकीचा मुद्दा म्हणजे सुपर लीगने खेळाडू नेल्याचा. त्या हंगामात या दोन स्पर्धा एकाच वेळी झाल्याच नाहीत. सुपर लीगचा अंतिम सामना १८ डिसेंबर २०१६ रोजी कोचीत झाला आणि आय-लीग ७ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाली. सुपर लीगमध्ये खेळलेले भारतीय खेळाडू त्यानंतर आय-लीगच्या क्लबांकडून मैदानात उतरले, कारण तेव्हाची रचनाच तशी होती. दोन्ही लीग समांतर खेळवण्याची पद्धत त्यापुढच्या, म्हणजे २०१७-१८ च्या, हंगामापासून सुरू झाली. पुढच्या वर्षांतले चित्र मागच्या वर्षावर चिकटवल्यामुळे हा गैरसमज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात सुनील छेत्रीचा बेंगळुरू एफसी गतविजेता म्हणून याच लीगमध्ये होता आणि हा संघ काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाचा अंतिम सामना खेळून आलेला होता. मोहन बागानकडे सोनी नोर्डे, कात्सुमी युसा आणि जेजे लालपेखलुआ होते. ईस्ट बंगालही पूर्ण तयारीनिशी उतरला होता. आधीच्या हंगामातले पहिले तिन्ही संघ हजर असताना आणि ऐझॉलने त्या तिघांनाही मागे टाकलेले असताना लीग पोकळ होती असे म्हणण्यास कोणताच आधार उरत नाही.

मागच्या दाराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. २०१५-१६ मध्ये ऐझॉल नऊ संघांत आठवा आला. शेवटच्या स्थानावरील पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सला लीगमध्ये थेट प्रवेश मिळालेल्या क्लबांसाठीच्या अटींमुळे पदावनतीपासून, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्यापासून, संरक्षण होते, म्हणून खाली जाण्याची पाळी ऐझॉलवर आली. पुढे सुपर लीगला वरचे स्थान देणाऱ्या भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि धेंपो यांनी माघार घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ऐझॉलला परत घेतले. आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे, म्हणजे २००७-०८ ते २०१२-१३ या काळातली, गोव्यातील क्लबांनीच जिंकली होती. त्यामुळे ही माघार देशाच्या फुटबॉलसाठी किती मोठी हानी होती हे वेगळे सांगायला नको आणि ती जखम गोव्यातील फुटबॉलप्रेमींच्या मनात आजही ओली आहे. परंतु प्रवेश कसा मिळाला यावरून पुढचे अठरा सामने कसे खेळले गेले हे ठरत नाही. ऐझॉलची सुरुवातही इतरांप्रमाणे शून्य गुणांवरूनच झाली.

शिवाय, ज्या संघाला दुबळा म्हणून हिणवले जाते त्याने पदावनत ठरलेल्या त्याच मोसमात फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली होती. त्या सामन्यात मोहन बागानने त्यांचा ०-५ असा पराभव केला हे खरे. पण तिथपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. या यशाच्या मागे मिझोराममध्ये काही वर्षे चाललेली बांधणी होती. मिझोराम प्रीमियर लीग २०१२ मध्ये सुरू झाली, तिचे सामने स्थानिक केबल वाहिनीवरून घराघरांत पोहोचू लागले, २०१४ मध्ये राज्याने संतोष करंडक ही राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१५ मध्ये ऐझॉलने आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकून सर्वोच्च लीगमध्ये पाऊल ठेवले. हा क्रम पाहिल्यावर अपघात हा शब्द वापरणे कठीण होते.

प्रशिक्षक आणि खेळाडूंची निवड हा मुंबईकर वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा भाग आहे. प्रशिक्षक खालिद जमील यांनी २००९ पासून मुंबई एफसी सांभाळला होता आणि २०१६ मध्ये तो क्लब त्यांच्यापासून वेगळा झाला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही आधी मुंबई एफसीकडून खेळलेले खेळाडू. त्यांच्या जोडीला गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स, सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन आले, आणि लालरुआतथारा, ब्रँडन यांसारखे मिझो तरुण होतेच. मोठ्या क्लबांनी ज्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही अशांमधून हा संघ विचारपूर्वक उभा केला गेला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून लीगबाहेर गेला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. ज्या प्रशिक्षकाच्या यशाला तेव्हा नशीब म्हटले गेले, तेच २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

डोंगरातल्या उंचीचा मुद्दा थोडक्यात निकाली काढता येतो. ऐझॉल समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, तर शिलाँग त्याहून उंच, सुमारे १,५०० मीटरवर. तरीही तिथल्या शिलाँग लाजाँग या क्लबला हे विजेतेपद कधी मिळाले नाही. कृत्रिम हिरवळ तर बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर, कोलकात्याजवळच्या बारासातला, शिलाँगला आणि मुंबईच्या कूपरेजवरही होती. घरचे प्रेक्षक ही ऐझॉलची मोठी ताकद होती यात शंका नाही, पण ती प्रत्येक चांगल्या संघाची असते.

आता एका गुणाचे नशीब. अंतिम तक्त्यात ऐझॉलचे ३७ आणि मोहन बागानचे ३६ गुण आहेत. पण हा फरक कसा पडला ते पाहावे. दोघांचेही प्रत्येकी ३३ गुण असताना २२ एप्रिल २०१७ रोजी ते ऐझॉलच्या मैदानावर समोरासमोर आले आणि सामना संपत आला असताना झोमिंगलियाना राल्टेने हेडरवर केलेल्या गोलामुळे ऐझॉलने १-० असा विजय मिळवला. म्हणजे विजेतेपदाचा निकाल प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष हरवून लागला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात ऐझॉलला फक्त बरोबरी पुरेशी होती. लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्या दिपांडाने लाजाँगला सुरुवातीलाच आघाडी मिळवून दिल्यानंतरही विल्यम लालनुनफेलाच्या गोलामुळे ऐझॉलने ती बरोबरी मिळवली. गोलांच्या संख्येत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन्ही संघ पुढे होते, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने सांगता येईल. परंतु अठरापैकी अकरा विजय ही त्या हंगामातील सर्वाधिक संख्या होती आणि ती ऐझॉलची होती.

राहिला नंतर न चमकण्याचा आक्षेप. विजेतेपदानंतर काही महिन्यांतच खालिद जमील, अल अमना, ब्रँडन आणि त्यांचा सहकारी चुल्लोवा ईस्ट बंगालमध्ये, तर सुपर लीगच्या क्लबांपैकी राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीकेमध्ये, गोम्स दिल्ली डायनामोजमध्ये आणि लालरुआतथारा केरळ ब्लास्टर्समध्ये गेले. यातील लालरुआतथारा तर पुढच्याच सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. ज्यांच्या कर्तृत्वावर शंका घेतली जाते त्यांनाच श्रीमंत क्लबांनी तातडीने करारबद्ध केले, यातून त्यांची गुणवत्ताच सिद्ध होते. संघ टिकवून ठेवण्यासाठी ऐझॉलला सुपर लीगसारख्या वरच्या व्यासपीठाची गरज होती आणि क्लबने त्यासाठी जाहीरपणे आंदोलनाची भाषाही केली. मात्र २०१७ मध्ये सुपर लीगचे दोन नवे संघ बोली लावून निवडले गेले, लीगच्या तक्त्यावरून नव्हे. बेंगळुरूला जागा मिळाली, राष्ट्रीय विजेत्याला मिळाली नाही. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याचा मार्ग २०२२-२३ च्या हंगामापासून खुला झाला आणि पंजाब एफसी हा त्या मार्गाने वर गेलेला पहिला क्लब ठरला.