जुन्या किल्लारीत भुतं नाहीत, आमची माणसं राहायची

परवा भाचीनं एक मेसेज पाठवला, "मामा, हे खरंय का?" म्हणून, आणि दोन दिवसांत तोच मेसेज व्हिडिओसकट आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. त्यात लिहिलंय की लातूर जिल्ह्यातलं जुनं किल्लारी म्हणजे महाराष्ट्राचं भानगढ (राजस्थानातला तो भुताचा म्हणून गाजवलेला किल्ला), भुताला घाबरून लोकांनी गाव सोडलं, प्रेतांना अग्नी मिळाला नाही म्हणून आत्मे भटकतात, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी रडण्याचे आवाज येतात, रात्री दिवे हलतात, भूत शोधायच्या मशीनचा काटा गरागरा फिरतो, आणि शेवटी "हिंमत असेल तर रात्री जाऊन दाखवा". भाचीला फोनवर सांगितलं, पण आता लिहूनच टाकतो, कारण माझी सख्खी मावशी आणि तिची दोन लेकरं त्याच गावात भूकंपात गेली.

गाव भुताला घाबरून सोडलं म्हणे. ३० सप्टेंबर १९९३, रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे ३:५६ ला ६.२ च्या आसपासचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. इतकी का गेली हे समजून घ्यायचं तर आमची माळवदाची घरं डोळ्यासमोर आणा. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगडाला दगड नीट बांधलेला नाही, वर लाकडं आणि त्याच्यावर मातीचा जाड थर, आणि पाऊस गळू नये म्हणून त्याच्यावर वरचेवर आणखी माती टाकायची, म्हणजे वजन वाढतच जायचं. उन्हाळ्यात ती घरं गारेगार, आम्हाला त्याचा अभिमान होता, पण हादरा बसल्यावर भिंत फुगून बाहेर पडली आणि माळवद सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. नंतर सरकारनं ५२ गावं जागा बदलून नव्यानं वसवली, किल्लारी त्यातलंच एक. लोक नवीन गावात राहायला गेले, एवढंच. शेतं जुन्याच जागी आहेत, लोक रोज तिकडं जातात येतात.

आता अग्नीचं. हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. भूकंपानंतर पाऊस लागलेला, लाकडं ओली, मिळेनात, तरी लोकांनी सामुदायिक चिता रचल्या. आमचे दादा तिथं होते, ते सांगतात की पडलेल्या घरांचेच सरे न् तुळया ओढून काढून त्याच्यावर अग्नी दिला, एकेका चितेवर अख्खं घर. दादा आता सत्तरीच्या पुढं आहेत आणि हे सांगताना अजून मधेच थांबतात. ज्या माणसांनी फुटलेल्या हातांनी ढिगारा उपसून आपल्या लोकांचं शेवटचं केलं, त्यांना तुम्ही "अग्नी दिला नाही" म्हणता? आणि समजा एखाद्याला नसेलही मिळाला, म्हणून तो मेल्यावर लोकांना भेडसावत बसेल असा आमचा एकही माणूस नव्हता हो.

आवाजाचं म्हणाल तर आवाज येतात, मी स्वतः ऐकलेत. पडक्या भिंतीत गव्हाणी घुबड राहतं, त्याची चिरकी ओरड पहिल्यांदा ऐकली तर कुणाचंही काळीज हलेल. मोराचा आवाज लांबून बाई हाक मारल्यासारखा वाटतो, कोल्हे तर आहेतच. आणि एक आवाज जमिनीतला. आमच्या भागात धक्का लहान असला तरी जमिनीत फार खोल नसतो, त्यामुळं हलल्याचं कळायच्या आधी गुर्र किंवा धडाम असा आवाज येतो. २०२२ ला निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच आवाज आले तेव्हा लोक रात्र-रात्र बाहेर झोपले, हिंगोलीकडं पांगरा शिंदेवाले तर वर्षानुवर्षं हे सोसायलेत. ती माणसं भुताला नाही, भिंतीला घाबरतात. आणि बरोबर ३:५६ लाच आवाज येतो असं वाटण्याचं कारण सोपं आहे, त्या वेळी आम्हीच जागे असतो. माझी आई आजही ३० सप्टेंबरला त्या वेळी अंथरुणात उठून बसते.

दिवे? शेतीपंपाची लाईट कित्येक आठवडे रात्रीचीच असते. बॅटरी घेऊन माणूस पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो, तोच तुमचा हलणारा दिवा. काट्याचंही तसंच, ते मशीन म्हणजे मोबाईलमधलं ॲप, ते फोनच्या चुंबकीय सेन्सरवर चालतं आणि आमचा काळा बेसाल्ट दगड मुळातच चुंबकीय असतो, ढिगाऱ्याजवळ फोन नेला की आकडा हलणारच.

राहिलं भानगढ. तिथं सूर्यास्तानंतर बंदीचा पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे म्हणून सरकारच भूत मानतं असं सांगतात. पण १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकं सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्तच उघडी असतात, आपला दौलताबाद किल्लासुद्धा रात्री बंदच असतो. आणि दौलताबादच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, वटवाघळं डोक्यावरून जातात, तरी माणसं लेकरं घेऊन जातात आणि बघून येतात.

तसं किल्लारीलाही या की. ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात तेव्हा या, जुन्या लोकांना विचारा, ते सगळं सांगतील. रात्री मात्र खरंच जाऊ नका, वेड्या बाभळी माजल्यात, आड उघडे आहेत, साप-विंचू आहेत, अर्धवट भिंती कधी पडतील सांगता येत नाही.

अजून एक राहिलं. त्या व्हिडिओत एक पोरगा जमिनीतल्या दगडाच्या गोल खड्ड्यावर टॉर्च मारून "इथं अघोरी बळी द्यायचे" म्हणतो. बाबा, ते उखळ आहे. घराघरात असायचं. मावशीच्या ओसरीत होतं तसंच, सुट्टीत गेलो की ती त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि मुसळाला चिकटलेली चटणी बोटानं काढून आधी मला द्यायची.