बियांनी मधुमेह ‘मुळापासून’ जात नाही

‘रोज उपाशीपोटी चमचाभर मेथीदाणे किंवा जवस खा, महिन्यात गोळ्या बंद’ असा मेसेज फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे. मेथी, जवस, चिया यांतला विरघळणारा तंतू पाण्यात बुळबुळीत होतो, पोट सावकाश रिकामं होतं आणि जेवणानंतरची साखर जरा हळू चढते. बस्स, एवढंच. इन्सुलिनची उणीव त्याने भरून निघत नाही. टाइप 1 मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा प्रकारात, इन्सुलिन थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. उलट गोळ्यांसोबत भरपूर मेथी घेतली तर साखर जास्तच उतरू शकते. जवस कुटूनच खा, अख्खा बहुधा न पचताच बाहेर पडतो. आणि 100 ग्रॅम चियात जवळपास 490 कॅलरी असतात, म्हणून मूठमूठ नको.